ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था आणि विद्यापीठीय संशोधनाचे सक्षमीकरण

प्रस्तावना :
नव्या ज्ञानाची निर्मिती व तिचा उत्पादनातील उपयोग यांवर जी अर्थव्यवस्था उभी राहते, तिला ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था असे म्हणतात. हा विचार समोर ठेवून भारत सरकारने २००५ साली सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय ज्ञान आयोग नेमला. अशा अर्थव्यवस्थेत विद्यापीठांचे व महाविद्यालयांचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सद्यस्थिती :
२०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन व विकासावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के होता. त्यातही उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा नऊ टक्क्यांहून कमी होता. याची मुळे इतिहासात आहेत. १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली आणि पुढे राष्ट्रीय प्रयोगशाळांचे जाळे विद्यापीठांबाहेर उभे राहिले. या प्रयोगशाळांचे कार्य मोठे आहे. परंतु संशोधन एकीकडे आणि विद्यार्थी दुसरीकडे अशी विभागणी झाली.

एक उदाहरण :
ही विभागणी अपरिहार्य नव्हती. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. तेथे अध्यापन, संशोधन व उद्योगांना सल्ला ही तिन्ही कार्ये एकाच छताखाली चालली. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज ही औषधनिर्माण कंपनी १९८४ साली स्थापन करणारे अंजी रेड्डी याच विभागाचे विद्यार्थी होते. २००८ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

महाविद्यालयीन प्राध्यापकांसमोरील अडचणी :
२०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने पदोन्नती शोधनिबंधांच्या गुणांशी जोडली. परिणामी प्रश्नाच्या महत्त्वापेक्षा निबंधांच्या संख्येकडे लक्ष वळले. अध्यापन सांभाळून संशोधनाची पहिली शिस्त देणारी एम.फिल. पदवीही २०२२ च्या नियमांनी बंद झाली.

उपाययोजना :
१. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निर्माण झाले. सक्षम संस्थांनी इतर विद्यापीठांना मार्गदर्शन करावे, अशी त्याची एक योजना आहे. तिचा लाभ संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोहोचावा.
२. जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत शासकीय व्यवस्थापनाखालील संस्थांना आंतरराष्ट्रीय नियतकालिके खुली झाली. ही सोय सर्व महाविद्यालयांना मिळावी.
३. संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाचा तासिकाभार कमी करावा आणि रिक्त पदे भरावीत.
४. परिसरातील शेती, पाणी, लघुउद्योग व बोलीभाषा यांतून संशोधनाचे विषय निवडावेत.

समारोप :
निधी आवश्यक आहे. मात्र केवळ निधीने संशोधन-संस्कृती रुजत नाही. जेथे विद्यार्थी शिकतो तेथेच ज्ञान निर्माण होताना त्याला दिसले पाहिजे. बहुसंख्य विद्यार्थी महाविद्यालयांत शिकत असताना महाविद्यालयांना संशोधनाबाहेर ठेवून ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था उभी राहणार नाही.