जुन्या ‘ई पीसी’चं बायोस कसं उघडायचं?

२००७ साली आलेला आसुसचा ७ इंची ‘ई पीसी’ कपाटात पडून असेल, तर टाकून देऊ नका. पेनड्राइव्हवरून हलकं लिनक्स घातलं की तो पुन्हा कामाला येतो. त्यासाठी आधी बायोसमध्ये शिरावं लागतं.

मशीन पूर्ण बंद करा. पॉवरचं बटण दाबलं की लगेच एफ२ ही कळ पुन्हापुन्हा दाबत राहा. थोडा जरी उशीर झाला तरी नेहमीची सिस्टिम सुरू होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आत माउस चालत नाही, बाणांच्या कळांनीच फिरायचं. बदल जतन करायला एफ१०. पेनड्राइव्ह एकदाच वापरायचा असेल, तर बायोसची गरजच नाही. एफ२ऐवजी एस्केप दाबा, मशीन कशावरून सुरू करायचं त्याची यादी समोर येते.

अर्थ न कळणाऱ्या सेटिंगला मात्र कृपया हात लावू नका.