पर्यायी संगणकभाषा आणि मराठी अक्षर

मोबाइलवर चालणाऱ्या ज्या आज्ञावलीस आपण व्यवहारात 'ॲप' म्हणतो, ती कोणत्या संगणकभाषेत लिहावी, हा प्रश्न अलीकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे वारंवार येतो. भाषा निवडताना वेग, लिहिण्याची सुलभता आणि नोकरीच्या संधी या तीन गोष्टी सामान्यतः विचारात घेतल्या जातात. मराठीत काम करणाऱ्याने याखेरीज आणखी एक प्रश्न विचारावयास हवा, तो असा की, ही भाषा 'अक्षर' कशास म्हणते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. २००८ साली अँड्रॉइड प्रणालीचे मोबाइल बाजारात आले, तेव्हा त्यांवरील ॲप जावा भाषेत लिहीत. आयफोनकरिता ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा होती. पुढे पर्याय निर्माण झाले. जेटब्रेन्स या कंपनीने २०११ मध्ये कोटलिन भाषा जाहीर केली. गूगलने २०१७ मध्ये तिला अँड्रॉइडकरिता अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून प्राधान्यही दिले. ॲपलने २०१४ मध्ये स्विफ्ट भाषा आणली. गूगलची डार्ट ही भाषा २०११ ची. तिच्यावर उभारलेल्या फ्लटर या चौकटीची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये निघाली. जावास्क्रिप्टचा उपयोग करणारी रिॲक्ट नेटिव्ह ही चौकट २०१५ मधील होय.

पर्यायी भाषेत लिहिलेली आज्ञावली मोबाइलवर पोहोचण्याचे मार्ग स्थूलमानाने तीन आहेत. पहिल्या मार्गात नव्या भाषेचे रूपांतर जुन्या भाषेच्याच मध्यस्थ संकेतांत होते. अँड्रॉइडवर कोटलिन असे काम करते व म्हणून जावाची सर्व साधने तिला उपलब्ध असतात. दुसऱ्या मार्गात भाषेचे रूपांतर थेट यंत्रसंकेतांत होते आणि पडद्यावरील चित्रणही चौकट स्वतःच करते. फ्लटरची रीत ही आहे. तिसऱ्या मार्गात भाषा चालविणारे यंत्र ॲपबरोबरच पाठवावे लागते. रिॲक्ट नेटिव्ह किंवा पायथनमध्ये लिहिलेली ॲप या वर्गात येतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात, पुणे-मिरज लोहमार्गावर रहिमतपूर हे गाव आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने परिसरातील आले पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या नोंदींकरिता ॲप करावयास घेतले, अशी कल्पना करू. नोंदीत गावाचे नाव येणारच. 'रहिमतपूर' या नावात अक्षरे किती? शाळेतील मूलही सांगेल की सहा : र, हि, म, त, पू, र. संगणकभाषांचे उत्तर मात्र एक नाही. स्विफ्ट सहा म्हणते. कोटलिन, डार्ट, जावास्क्रिप्ट आणि पायथन आठ म्हणतात. गो या भाषेस लांबी विचारली, तर ती चोवीस सांगते.

यांपैकी कोणतीही भाषा चुकत नाही. प्रत्येकीचे मोजमाप निराळे आहे. युनिकोड या जागतिक मानकात देवनागरीची मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय मानकाच्या आधारे झाली. तीत व्यंजन हा एक संकेतांक आणि त्यास लागणारी मात्रा हा दुसरा. म्हणून 'हि' व 'पू' यांचे दोन-दोन संकेतांक होऊन एकूण संख्या आठ होते. साठवणुकीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकास तीन बाइट लागतात; आठ त्रिक चोवीस. गो बाइट मोजते, कोटलिन संकेतांक मोजल्यासारखे करते आणि स्विफ्ट वाचकास दिसणारे अक्षर मोजते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. नावाच्या रकान्यास सहा अक्षरांची मर्यादा घातली, तर आपल्या दृष्टीने 'रहिमतपूर' त्यात नेमके बसते. परंतु संकेतांक मोजणारी आज्ञावली पहिले सहा संकेतांक ठेवून उरलेले कापते आणि नोंदीत 'रहिमतप' उरते. गावाचे नाव बिघडले तर हसून सोडून देता येईल. खातेदाराचे नाव बिघडले, तर बँकेतील नावाशी ते जुळत नाही आणि त्याचे पैसे अडकून पडतात.

जोडाक्षरांत अडचण अधिक वाढते. 'महाराष्ट्र' या शब्दात दहा संकेतांक आहेत. दृश्य अक्षरे वेगळी करण्याच्या युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे 'ष्ट्र' चे तीन तुकडे पडत व एकूण सहा अक्षरे होत. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत हा नियम सुधारला; आता देवनागरी जोडाक्षर अखंड राहते व संख्या चार होते. म्हणजे एकच ॲप जुन्या आणि नव्या मोबाइलवर निरनिराळे उत्तर देऊ शकते.

मोजण्याप्रमाणे तुलनेचाही प्रश्न आहे. याच लोहमार्गावर पुढे असलेल्या कऱ्हाडचे नाव घ्या. त्यातील 'ऱ' हा स्वतंत्र संकेतांक म्हणून लिहिता येतो. साधा 'र' आणि नुक्ता असे दोन संकेतांक देऊनही लिहिता येतो. 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्यानेही तेच रूप उमटते. डोळ्यांस तिन्ही सारखीच. स्विफ्ट पहिली दोन रूपे समान मानते. कोटलिन व डार्ट यांस ती भिन्न वाटतात. त्यांकरिता तुलनेपूर्वी मजकुराचे प्रमाणीकरण करावे लागते. कोटलिनला त्याचे साधन जावाकडून आयतेच मिळते, डार्टला ते वेगळे जोडून घ्यावे लागते. तिसरे रूप मात्र प्रमाणीकरणानेही एक होत नाही. त्याचा नियम आपणच लिहावयास हवा. तो न लिहिल्यास कऱ्हाडचा शेतकरी यादीत असूनही शोधात सापडणार नाही.

यावरून स्विफ्ट श्रेष्ठ व इतर भाषा कनिष्ठ असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. आपल्याकडील बहुतेक मोबाइल अँड्रॉइडवर चालतात आणि तेथे कोटलिन किंवा डार्ट हीच सोयीची साधने होत. कोटलिनमध्ये सीमा शोधणारे तयार साधन वापरून, तर डार्टमध्ये 'कॅरॅक्टर्स' हा संच जोडून दृश्य अक्षरे मोजता येतात. उणीव असते ती साधनाची नव्हे, तर ते वापरण्याची गरज आहे या जाणिवेची. इंग्रजी नावांवर तपासलेल्या ॲपमध्ये हे दोष कधी दिसतच नाहीत; कारण तेथे अक्षर, संकेतांक आणि बाइट या तिहींची संख्या एकच येते.

म्हणून कोणतीही नवी भाषा हाती घेताना विद्यार्थ्याने प्रथम तीन शब्द तिच्यापुढे ठेवावेत. 'रहिमतपूर' मोजून पाहावे, 'महाराष्ट्र' मधोमध कापून पाहावे आणि 'कऱ्हाड' निरनिराळ्या प्रकारे लिहून परस्परांशी ताडून पाहावे. घटकाभराच्या या परीक्षेतून त्या भाषेविषयी जे कळते, ते तिच्या जाहिरातीतून कळणारे नाही. आणि ज्यांची नावे त्या ॲपमध्ये साठवावयाची आहेत, त्यांच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.