जुन्या मोटारीच्या रंगाखाली काय दडलंय?

दसऱ्याला कोल्हापुरात शाहू महाराजांची मेबॅक मोटार दसरा चौकात आली की गर्दीतला प्रत्येक मोटारवेडा क्षणभर सोनं विसरतो. या भागाला यंत्रांचं वेड जुनंच. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच घडवली होती. त्यामुळे कुरुंदवाडसारख्या गावात एखाद्याने आजोबांची फियाट गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून खोलायला घेतली, तर शेजारीपाजारी कौतुकानेच पाहतात. मोटार उभी राहील की नाही, हा त्यांचा प्रश्न. तिच्यावर काम करणाऱ्याच्या फुफ्फुसांचा आणि रक्ताचा प्रश्न सहसा कुणी काढत नाही.

सुरुवात होते गंजापासून. कृष्णा-पंचगंगेच्या काठी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी गाड्यांची जी दशा केली, ती सर्वांनी पाहिली आहे. पाणी ओसरतं; पण दाराच्या आतल्या पोकळीत, पायरीखालच्या बंद पत्र्यात गाळ बसून राहतो. गाळाखालच्या लोखंडाला ऑक्सिजन कमी मिळतो, शेजारच्या उघड्या भागाला जास्त. या फरकामुळे ओल्या पत्र्यातच एक छोटी विद्युतघटमाला तयार होते आणि झिजतो तो नेमका गाळाखालचा भाग. वरून रंग शाबूत आणि बोट दाबलं की आत जातं, याचं कारण हेच. म्हणून पुरात बुडालेली गाडी आधी गोड्या पाण्याने आतून धुवावी आणि पूर्ण वाळवावी. किल्ली फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. इंजिनात पाणी शिरलं असेल तर ऑइल दुधाळ दिसतं. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गंज काढायचा म्हणजे आधी रंग काढायचा, आणि खरी जोखीम इथे आहे. जुन्या मोटारींच्या रंगांत शिशाची संयुगं सर्रास असत. लोखंड गंजू नये म्हणून लावला जाणारा लाल अस्तरही पुष्कळदा शिशाच्या लाल ऑक्साइडचा असे. आपण ज्याला शेंदूर म्हणतो, परंपरेने तोच पदार्थ. काही गाड्यांत पत्र्याचे जोडही कथिल आणि शिसं वितळवून भरलेले असतात. ग्राइंडरला वायर ब्रश लावून हा थर उडवला की त्याची धूळ श्वासावाटे आत जाते, कपड्यांवर बसते आणि तिथून घरात येते. बाप अंघोळीआधी पोराला उचलून घेतो, तेवढं पुरे. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतं. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही.

उपाय खर्चीक नाहीत. रंग कोरडा घासू नये. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा. धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी आणि तो चिखल अंगणात किंवा उसाच्या सरीत ओतू नये. कामाचे कपडे शेडमध्येच बदलावेत, वेगळे धुवावेत. तोंडाला रुमाल बांधण्याने यातलं काहीच अडत नाही. महिनोन्महिने हे काम करणाऱ्याने रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आत राखाडी भुकटी दिसते. कॉम्प्रेसरची हवा मारून ती उडवण्याची मिस्त्रींची जुनी सवय घातक आहे. त्या काळच्या ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुफ्फुसात अडकून बसतात आणि त्यातून होणारा कर्करोग अनेकदा वीस-तीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा उघडकीस येतो. तोवर गाडी विकली गेलेली असते! ही भुकटी आधी पाण्याने ओली करावी, मगच पुसावी.

रंगकामाबाबत मात्र तडजोड नको. हार्डनर मिसळून मारायच्या चकचकीत रंगात आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोडी मात्राही झटका आणते. धूळ अडवणारा साधा मास्क ही वाफ रोखत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घरच्या शेडमध्ये तो कोण आणणार? पत्र्याचं काम घरी करून शेवटचा रंग बूथ असलेल्या गॅरेजकडे सोपवणं शहाणपणाचं. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी उतरवली असेल तर एवढं ध्यानात असावं, की रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची. स्फोट होतो तो वाफेचा.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. शिसं असलेलं पेट्रोल देशातून २००० साली गेलं, आणि हवेच्या दृष्टीने फार बरं झालं. पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना त्या शिशाचा आधार होता. आता कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्या लागतात. शिरोळ तालुक्यातल्या उसाशी नातं सांगणारं इथेनॉल हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. ते जुने रबरी पाइप आणि गॅस्केट फुगवतं, भेगाळतं. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे इंधनाचे सगळे पाइप बदलणं हे रंगाच्या आधीचं काम आहे.

गाडीचं रूपच पालटायची हौस असेल, तर एक अडचण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीलाच मिळते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला की तो हक्क जातो.

आणि इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तो दिवस. पावसाळा असतो, शेडचं शटर अर्धं ओढलेलं असतं, ट्यूनिंग चाललेलं असतं. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस ते पित्त समजून काम चालू ठेवतो. असं वाटू लागताच बाहेर मोकळ्या हवेत यावं आणि थेट दवाखाना गाठावा. कुणी आत कोसळलेला दिसला, तर आधी शटर पूर्ण उघडून त्याला बाहेर ओढावं, १०८ ला फोन करावा. इंजिन सुरू करायचं असेल तेव्हा गाडी ढकलत अंगणात न्यावी. फियाट तशी हलकी. दोन माणसं पुरतात.