वेलीचा लाकडी मनोरा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वेलींसाठी बागेत उभारायचा लाकडी मनोरा म्हणजे खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली चौकट. चार पाय, त्यांना ठरावीक अंतरावर जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि माथ्यावर एक टोपी, एवढाच त्याचा पसारा. युरोपातल्या बागांमध्ये त्याला ओबेलिस्क म्हणतात. हे नाव इजिप्तमधल्या एकसंध दगडी स्तंभांवरून आले. त्यामुळे ही नुसती शोभेची वस्तू आहे, असा पहिला गैरसमज नावातूनच होतो. प्रत्यक्षात या निमुळत्या आकाराला काम आहे. पाने वाढली की मनोरा वाऱ्यापुढे शिडासारखा उभा राहतो, आणि निमुळत्या शिडाचा बराचसा भाग खालच्या बाजूला असतो. सहा फूट उंच, तळाशी 18 इंच आणि माथ्याला 5 इंच रुंद अशा मनोऱ्यावर वाऱ्याचा रेटा जमिनीपासून साधारण 29 इंचांवर एकवटतो. तेवढ्याच उंचीच्या सरळ ताटीवर तो 36 इंचांवर एकवटतो. मनोरा उलथवणारी शक्ती आकारामुळेच जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटते.

दुसरा समज असा की अशा गोष्टी ऐसपैस बंगल्यांच्या बागांसाठी असतात. खरे तर मनोरा शोभतो तो अंगण लहान असेल तिथे. उदाहरणार्थ, झाशीचा लक्ष्मी दरवाजा, म्हणजे तिथल्या बोलीतले लक्ष्मी गेट, हा नेवाळकर राजघराण्याच्या काळातल्या परकोटाचा एक दरवाजा. बाहेर लक्ष्मी तलाव, महालक्ष्मीचे मंदिर आणि झाशीचे राजे गंगाधरराव यांची छत्री. आत जुनी दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, छोटी अंगणे आणि गच्च्या. भोपळ्याच्या किंवा दोडक्याच्या मांडवाला चार खांब आणि त्यांच्यामधली सगळी जागा लागते. मनोऱ्याला दीड फूट लांब, दीड फूट रुंद एवढी जमीन पुरते. शिवाय बुंदेलखंडाच्या हवेत लाकडाच्या प्रत्येक दोषाची परीक्षा होते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, लू वाहते, धुळीची आंधी येते, आणि वर्षाचा बहुतेक पाऊस त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत कोसळतो. म्हणून पुढचे सारे विवेचन झाशीची हवा समोर ठेवून केले आहे.

मनोऱ्याच्या सावलीत शेजारची रोपे मरतात, ही भीतीही तिथे बरीचशी निराधार ठरते. झाशी कर्कवृत्ताच्या थोडी उत्तरेला, सुमारे साडेपंचवीस अक्षांशावर आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सहा फुटी मनोऱ्याची सावली अडीच-तीन इंचांपलीकडे जात नाही. डिसेंबरात मात्र तीच सावली दुपारी जवळजवळ सात फूट लांब पडते, आणि ती उत्तरेला पडते. मनोरा वाफ्याच्या उत्तर कडेला उभा केला की मेथी-कोथिंबिरीला हिवाळ्याचे ऊन पुरेसे मिळते.

आधार जितका जाड, तितकी वेल घट्ट बसते: हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि वेलीचे सर्वांत जास्त नुकसानही तोच करतो. वेली एकाच रीतीने चढत नाहीत. गोकर्ण, वाल, गुळवेल यांचे खोडच आधाराभोवती वेढे घालते. कारले, दोडका, काकडी, कृष्णकमळ यांना तणावे फुटतात. हे तणावे सुतासारखे बारीक असतात आणि सापडेल त्या काडीला गुंडाळून स्प्रिंगसारखे आखडतात. बोगनवेल काटे अडकवत वर सरकते. नागवेल पेरांवर फुटणाऱ्या मुळ्यांनी चिकटते; महोब्याच्या पानबरेजांत आणि सांगलीकडच्या पानमळ्यांत तिला म्हणूनच वेगळ्या तऱ्हेचा आधार देतात. चार्ल्स डार्विन यांनी 1865 मध्ये चढणाऱ्या वेलींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडातल्या बहुतेक वेढे घालणाऱ्या वेलींना झाडांचे जाड बुंधे वेढता येत नाहीत, हे निरीक्षण त्यात नोंदलेले आहे. तणाव्यांची मर्यादा तर त्याहून कमी. पेन्सिलीएवढी काडी ते आनंदाने धरतात, मनगटाएवढ्या खांबावरून मात्र निसटतात.

म्हणून चार पायांना दीड इंच चौरस लाकूड घ्यावे, त्याहून जाड नको. आडव्या पट्ट्या एक इंच रुंद, अर्धा इंच जाड पुरतात. तेवढ्यानेही काम संपत नाही. तळाशी दोन पायांमध्ये सव्वा फुटाची फट राहते आणि कारल्याचा तणावा त्या फटीत हवेत हेलकावत राहतो. प्रत्येक बाजूला मधोमध एक-दोन बांबूच्या कामट्या उभ्या बांधल्या, किंवा सुतळी ताणली, तर वेल पहिल्या आठवड्यातच आधार पकडते. बांबूची कामटी या कामाला सागवानापेक्षा सरस आहे. ती बारीक असते, खरखरीत असते, आणि दोन वर्षांनी बदलली तरी खिशाला चाट बसत नाही.

याच कारणाने लाकूड रंधून गुळगुळीत करण्याचा आणि त्यावर चकचकीत वॉर्निश चढवण्याचा आग्रहही चुकीचा ठरतो. वेढे घालणारी वेल घर्षणावर टिकून असते. करवतीच्या दात्यांची खूण राहिलेले लाकूड तिला धरायला सोपे जाते. वॉर्निशचा थर उन्हात तडकतो, पाणी त्या चिरांतून आत शिरते आणि थराखाली अडकून राहते. बाहेरच्या लाकडाला जवसाचे तेल किंवा झिरपणारे दुसरे तेल वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, लावणे बरे.

वेल एकदा लावली की आपोआप चढते, हेही अर्धेच खरे. जाई ही मुळात लोळणारी झुडूपवजा वेल आहे. तिला दर वीतभर वाढीला सैल गाठ मारावी लागते, नाहीतर ती मनोऱ्याच्या पायाशी ढीग करून पडते. मधुमालती आणि बोगनवेल यांचा त्रास उलटा. त्या काही वर्षांत लाकडासारख्या जाड होतात आणि हलक्या मनोऱ्याला आपल्या वजनाखाली वाकवतात. दीड इंची पायांच्या मनोऱ्यावर गोकर्ण, वाल, कारले, दोडका, काकडी अशाच वेली घ्याव्यात. झाशीच्या बाजारात यांपैकी वालाला सेम, दोडक्याला तोरई आणि कारल्याला करेला म्हणतात, आणि बिया त्याच नावांनी मागाव्या लागतात. बी मनोऱ्याच्या पोटात न टाकता पायांच्या बाहेर चार बोटांवर पेरावे. आत पेरलेल्या वेलीची खालची पाने अंधारात पिवळी पडतात आणि तण काढायला हात पोहोचत नाही.

आता लाकडाकडे. सागवान कुजत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही, असे छातीठोकपणे सांगितले जाते. हे खरे आहे ते फक्त पक्व गाभ्याच्या लाकडाबाबत. सागाची तेले आणि इतर द्रव्ये गाभ्यात साठतात. सालीलगतचा फिकट थर त्यांच्यावाचून राहतो आणि तो आंब्याच्या फळीइतकाच सहज पोखरला जातो. कोवळ्या झाडांच्या सागात हा फिकट भाग जास्त असतो. स्वस्त सागाची पट्टी अर्धी पिवळसर-पांढरी दिसली, तर तिच्यासाठी सागाची किंमत मोजू नये. साल, बाभूळ आणि शिसव यांचा गाभाही टिकाऊ आहे, फक्त बाभळीला वाळताना पीळ पडतो. पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन मात्र मातीला टेकले की फार दिवस तग धरत नाही.

लाकूड पाण्याने कुजते, हे विधान ऐकायला बरोबर वाटते, पण नेमके नाही. कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. उत्तर भारतात विहिरीच्या तळाशी जांभळीच्या लाकडाचे कडे बसवण्याची जुनी रीत आहे. हे कडे सदोदित पाण्याखाली असल्यामुळे त्याला हवा मिळत नाही आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. उलट वाऱ्यावर सुकत राहणारे लाकूडही टिकते, कारण ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असला की बुरशी वाढत नाही. मरण आहे ते या दोहोंच्या सीमेवर: जमिनीलगतच्या चार-सहा इंचांत. तिथे माती ओल पुरवते, वरून हवा मिळते, आणि वाळवीची वाटही तिथूनच जाते. मनोरा वरून खाली मोडत नाही. तो पायातून जातो.

पाय सिमेंटमध्ये गाडले की हा प्रश्न सुटतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. घडते ते वेगळेच. लाकूड उन्हाळ्यात आकसते, सिमेंट आकसत नाही. दोहोंमध्ये केसाएवढी फट पडते, पहिल्या पावसाचे पाणी त्या फटीत उतरते आणि तळाला वाट नसल्याने तिथेच मुरते. पाय जणू पाणी भरलेल्या पेल्यात उभा राहतो. पायाचे टोक जाळून काळे करण्याच्या जुन्या पद्धतीवरही भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. कोळशाचा पातळ थर तडकतो आणि बुरशी त्या चिरांतून आतल्या न जळलेल्या लाकडापर्यंत पोहोचते. गॅरेजमधले जळके ऑइल फासणे त्याहून वाईट. ते वरवरच मुरते, आणि त्यातले जड धातू त्या वाफ्यात उतरतात ज्यातून उद्या भाजी तोडायची असते.

कारखान्यात दाबाखाली औषध भरलेले लाकूड हा खरा उपाय आहे आणि त्यामागे भारताचे नाव आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण लाकडात भरण्याची पद्धत देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी 1933 मध्ये शोधली आणि ती जगभर वापरली गेली. पुढे आर्सेनिक झिरपण्याच्या काळजीमुळे अमेरिकेत 2003 अखेर घरगुती कामांसाठी असे लाकूड बनवणे थांबवले गेले. विजेच्या खांबाला ते योग्य, काकडीच्या मनोऱ्याला नको. त्याचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत तर कधीच घालू नयेत. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण माणसाला तुलनेने कमी घातक, पण पावसात धुऊन जाते. उघड्यावर, मातीला टेकलेल्या लाकडात ते टिकत नाही.

मग उपाय काय? लाकूड मातीला टेकूच द्यायचे नाही. प्रत्येक पायाच्या आतल्या बाजूला 12 मिलिमीटर जाडीची, अडीच फूट लांबीची लोखंडी सळई घ्यावी. दीड फूट जमिनीत ठोकावी आणि वरचा एक फूट लोखंडी पट्टीच्या दोन कड्यांनी पायाला आवळावा. पायाखाली सपाट दगड ठेवून लाकूड मातीपासून दोन इंच उचलावे. ग्रॅनाइट हा बुंदेलखंडाचा पायाच आहे, त्यामुळे तिथे असा दगड शोधायला लांब जावे लागत नाही. वाळवीची मातीची नळी दगडावरून चढू लागली तर ती उघड्यावर दिसते आणि झटकून टाकता येते. एरवी ती लाकडाच्या पोटातून जाते आणि दिसत नाही.

सळईचे दुसरे काम वाऱ्याचे. मनोरा जड आहे, तो पडणार नाही, हा अंदाज हिशेबात टिकत नाही. वर सांगितलेल्या मापाच्या सागवानी मनोऱ्याचे वजन आठ-नऊ किलो भरते. पानांनी भरलेल्या मनोऱ्यावर ताशी 60 किलोमीटरचा वारा सुमारे 10 किलो वजनाइतका रेटा देतो. नुसत्या वजनावर उभे राहायचे तर मनोरा 30 किलोंहून जड हवा. काळ्या जमिनीत तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि गाडलेला खांबही सैल होतो, म्हणून सळई लांब हवी आणि आंधीचा हंगाम सुरू होण्याआधी ती एकदा हलवून पाहावी. गच्चीवर सळई ठोकता येत नाही. तिथे 40 लिटरच्या कुंडीतल्या ओल्या मातीचे साठ-पासष्ट किलो कामी येतात, आणि मनोऱ्याचा माथा कठड्याला तारेने बांधलेला असावा.

राहिला बांधणीचा बाऊ. तिरके पाय कापायला निष्णात सुतार लागतो, असे म्हणतात. वरच्या मापात पाय समोरून पाहता दर फुटाला जेमतेम एक इंच आत झुकतो. हा कोन पाच अंशांचा आहे. सहा फूट उंचीसाठी पायाची खरी लांबी भरते 72 इंच आणि वर अर्धा इंच, कारण दोन्ही दिशांचा तिरकेपणा धरला तरी तो इतका थोडा आहे. करवतीने सरळ कापून टोक कानसीने उतरवले तरी चालते. दोन पाय जमिनीवर आडवे ठेवावेत, बाहेरून बाहेर तळाला 18 आणि माथ्याला 5 इंच अंतर ठेवून. पहिली पट्टी तळापासून फुटावर. तिथे रुंदी पावणेसोळा इंच भरते आणि पुढे दर फुटाला दोन इंचांहून किंचित जास्त घटत जाते. पट्टी मोजून न कापता पायांवर ठेवून पेन्सिलीने आखावी, म्हणजे चूक होत नाही. अशा दोन शिड्या तयार झाल्या की त्या समोरासमोर उभ्या करून उरलेल्या दोन बाजूंच्या पट्ट्या जोडाव्यात.

जोडताना खिळ्यापेक्षा स्क्रू बरा. लाकूड उन्हात आकसते आणि पावसात फुगते, त्या ओढाताणीत खिळा हळूहळू बाहेर सरकतो. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे, नाहीतर पट्टीचे टोक फाटते. साधा लोखंडी स्क्रू साग किंवा बाभळीतल्या टॅनिनशी मिळून काळे ओघळ सोडतो आणि गंजून ढिला होतो. जस्त चढवलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा.

शेवटी माथ्याची टोपी. तिला नक्षी समजून गाळले जाते. लाकडाचे कापलेले टोक म्हणजे नळ्यांची उघडी तोंडे असतात, आणि पाणी बाजूपेक्षा तिथून कितीतरी वेगाने आत शिरते. चारही पायांची टोके झाकणारी, उतार दिलेली चौकोनी टोपी बसवली की पावसाचे पाणी बाहेर ओघळते. टोपी गळून पडली, तर ती त्याच पावसाळ्यात परत बसवावी.