काकांची डिस्क उघडली, दाखला सापडला

विचुंबे येथील आमचे एक ज्येष्ठ सहकारी चार वर्षांपूर्वी कालवश झाले. सारी वस्ती त्यांना टायपिस्ट काका म्हणत असे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे टाइप करून त्यांनी संसार केला. २६ जुलै २००५ च्या पावसात अनेकांच्या घरांत पाणी शिरले आणि पत्र्याच्या पेट्यांतील कागदांचा लगदा झाला. तो पाहून काकांनी जुना कॉम्प्युटर व स्कॅनर घेतला आणि घरोघरी सांगत सुटले, "कागद आणा, मी प्रत काढून ठेवतो." पैसे कधी घेतले नाहीत. चहा मात्र घेत.

काका गेले आणि कॉम्प्युटर कपाटाच्या तळाशी गेला. त्याचा पासवर्ड फक्त काकांना ठाऊक होता.

यंदा आमच्या शेजारची मुलगी बारावी झाली. पुढच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे. ज्यांनी हे हेलपाटे घातले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि या घरात रक्ताच्या नात्यातील कोणाकडेच वैधता नव्हती. आजोबा १९४८ साली पहिलीत बसले, एवढे घरात माहीत होते. त्यांचा दाखला नंतर कुठे गेला, पत्ता नाही. मुलीच्या वडिलांनी कोकणातील मूळ गावच्या शाळेत दोनदा जाऊन रजिस्टर पाहिले. नाव नाही! तेव्हा मुलीच्या आजीला आठवले की तो दाखला एकदा टायपिस्ट काकांकडे नेला होता.

आम्ही काकूंकडे गेलो. काकू म्हणाल्या, "न्या हो, पण त्यात त्यांचे खासगी काही असेल तर?" प्रश्न रास्त होता. माणूस गेला म्हणून त्याच्या कुलपावर कोणाचाही हक्क होत नाही. काकूंनी शेजारी बसावे आणि त्या सांगतील तेवढेच उघडावे, असे ठरले.

प्रथम आम्ही एका दुकानात विचारले. तो म्हणाला, "पासवर्ड माहीत नाही ना? फॉरमॅट मारून देतो, मशीन नव्यासारखे होईल." आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून; हो म्हणणारच होतो. नशीब, आमचा भाचा बरोबर होता. त्याने हात धरून बाहेर आणले. "मामा, मशीन नवे होईल, कागद जातील."

त्याने जे समजावले ते वाचकांनाही उपयोगी पडेल. कुलपे तीन तऱ्हेची असतात. कॉम्प्युटर सुरू करताना विंडोज पासवर्ड मागते ते दाराचे कुलूप. आतले सामान उघडेच असते. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की फायली दिसतात. काही जुन्या लॅपटॉपमध्ये कुलूप खुद्द डिस्कमध्येच असते. ती कुठेही नेऊन जोडा, दाद देत नाही. तिसरा प्रकार सर्वांत कठीण. त्यात मजकूरच सांकेतिक केलेला असतो, किल्लीशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. अमेरिकेत राहणारा स्टीफन थॉमस नावाचा प्रोग्रामर ७,००२ बिटकॉइनची किल्ली अशा कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये ठेवून पासवर्ड विसरला. दहा प्रयत्नांची मुभा, त्यांतले आठ वाया गेले, ही बातमी २०२१ मध्ये जगभर झाली. तिथे कोट्यधीशाचीही मात्रा चालली नाही.

काकांच्या मशीनमध्ये विंडोज एक्सपी होती, म्हणजे बहुधा पहिल्याच प्रकारचे कुलूप. भाच्याने डिस्क काढली. जुनी, रुंद पट्टीच्या केबलची, ४० पिनांची. ती यूएसबीला जोडायचा अडॅप्टर आणला. डिस्कमधून टकटक असा आवाज आला तर ताबडतोब बंद करायची, पुन्हा पुन्हा चालवून पाहायची नाही आणि तिचे झाकण तर मुळीच उघडायचे नाही, असा त्याने आम्हाला दम दिला. आवाज आला नाही. त्याने आधी संपूर्ण डिस्कची नक्कल काढून घेतली आणि पुढचे सारे काम नकलेवर केले. "प्रवेश नाकारला" असे एकदा आले. फोल्डरची मालकी आपल्या नावावर करून घेतल्यावर तो अडथळाही गेला. फायलींची नावे हिरव्या रंगात नाहीत ना, हे त्याने बारकाईने पाहिले. एक्सपीमध्ये हिरवे नाव म्हणजे ती फाइल सांकेतिक केलेली, आणि तिथे पासवर्ड जबरीने बदलला तर ती कायमची जाते.

फोल्डर उघडला तर नुसते आकडे! एक, दोन, तीन करत सहाशेवर स्कॅन. कोणता कोणाचा? यादीची फाइल वेगळी होती. ती उघडली तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण मराठी टाइप करत होतो ते श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसेल तर आपलीच मराठी आपल्याला वाचता येत नाही. आम्ही हताश झालो. भाचा मात्र हसला. काकांनी ज्या फॉन्टात टाइप केले तो त्याच डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असणार. होता. तो नव्या कॉम्प्युटरवर टाकला आणि पडद्यावर एकेक नाव मराठीत उभे राहिले. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. यादी त्यांच्या हातची होती. म्हणजे काकांनी सांगायचे आणि काकूंनी वहीत लिहायचे, मग त्यावरून टाइप.

आजोबांचा दाखला २१७ क्रमांकावर निघाला. शाळा त्यांच्या मामाच्या गावची! म्हणून मूळ गावी नाव सापडत नव्हते. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, समिती तेवढ्यावर भागवत नाही. पण त्यावर शाळेचे नाव आणि रजिस्टर क्रमांक होता. वडील तिथे गेले, मुख्याध्यापकांनी जुने रजिस्टर काढले, नोंद जशीच्या तशी मिळाली. त्याचा सही-शिक्क्याचा उतारा लावून प्रकरण आता समितीकडे दाखल झाले आहे.

नव्या लॅपटॉपवाल्यांनी एक लक्षात घ्यावे. आता पुष्कळ मशीनमध्ये तिसऱ्या प्रकारचे कुलूप आपोआप लागलेले असते. त्याची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती आजच कागदावर उतरवून रेशनकार्डाबरोबर ठेवा. आमच्या घरात ते काम परवाच झाले.

काकूंनी निघताना विचारले, "मग पासवर्ड काय होता हो?" तो आम्हाला अजूनही माहीत नाही.

ज्यांनी काकांकडे कागद स्कॅन करून ठेवले होते, त्यांनी रविवारी सकाळी काकूंच्या घरी यावे. प्रत फक्त त्या त्या घरच्या माणसालाच मिळेल. येताना पेनड्राइव्ह आणावा.