आर्च लिनक्सच्या स्थापनेत पार्टिशन-जोडणीचा क्रम

युनिक्स-परंपरेतील प्रणालींत डिस्कवरील पार्टिशनांना स्वतंत्र अस्तित्व नसते. ती सर्व डिरेक्टरींच्या एकाच वृक्षाला जोडावी लागतात. या क्रियेस माउंट करणे म्हणतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आर्च लिनक्सची स्थापना स्वहस्ते करताना हे कार्य स्थापकाकडेच असते, आणि त्यात क्रम निर्णायक ठरतो.

प्रथम मूळ पार्टिशन ‘एमएनटी’ या डिरेक्टरीवर जोडावयाचे. मग त्यात ‘बूट’ ही डिरेक्टरी निर्माण करून तीवर ईएफआय पार्टिशन जोडावयाचे. क्रम उलटल्यास मागाहून जोडलेले मूळ पार्टिशन आधीच्या जोडणीस झाकून टाकते. माउंटच्या दोन्ही आज्ञा निर्वेध पार पडतात. परंतु कर्नल मूळ पार्टिशनातच लिहिला जातो आणि ईएफआय पार्टिशनात त्याचा शोध घेणाऱ्या बूट-लोडरला तो सापडत नाही. झाकलेला मजकूर मात्र नष्ट होत नाही. वरची जोडणी काढताच तो पुन्हा दिसू लागतो.

जोडणीची कायम नोंद ‘एफएसटॅब’ या फाइलीत राहते. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही डिस्कांची नावे संगणक पुन्हा सुरू करताना बदलू शकतात. यास्तव तेथे यूयूआयडी हा स्थिर ओळखक्रमांक वापरणे श्रेयस्कर. ‘जेनएफएसटॅब’ ही आज्ञा ती नोंद प्रत्यक्ष जोडणीवरूनच तयार करते. तात्पर्य, जोडणी आधी तपासावी, नोंद मागाहून करावी.