बैल, गाडी आणि न्यूटनसाहेब

मी मराठीचा प्राध्यापक. पण नववीतल्या कन्येचे विज्ञान घरी माझ्याच गळ्यात पडते. न्यूटनने १६८७ साली मांडलेला गतीचा तिसरा नियम मी तिला घडाघडा म्हणून दाखवला : प्रत्येक क्रियाबलास तितकेच, उलट दिशेचे प्रतिक्रियाबल असते.

“मग बाबा, बैल गाडीला ओढतो तितक्याच जोराने गाडीही बैलाला मागे ओढणार. गाडी चालते कशी?”

मी निरुत्तर!

पुढच्या रविवारी आम्ही दोघे नगर जिल्ह्यातल्याच प्रवरानगरला निघालो होतो. तिथे १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वाटेत उसाची बैलगाडी पाटाच्या पाण्याने झालेल्या चिखलात अडली होती. बैल जीव खाऊन ओढीत, पण खूर घसरत. गाडीवानाने खुरांखाली पाचट पसरले. खुरांना पकड मिळाली आणि गाडी हलली!

तेव्हा उमगले. क्रिया एका वस्तूवर, प्रतिक्रिया दुसऱ्या. म्हणून ती एकमेकींना खोडीत नाहीत. खूर जमिनीला मागे रेटतात, जमीन बैलांना पुढे रेटते. हा रेटा गाडीच्या मागल्या ओढीहून वरचढ झाला, की बैल पुढे सरकतात. तसेच, बैलांची ओढ चिखलाच्या अडवणुकीहून वरचढ झाली, की गाडी निघते.

“म्हणजे बैलांना जमीन चालवते!” कन्या म्हणाली.

तीस वर्षांपूर्वी याच नियमावर मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, हे मात्र तिला सांगितले नाही.